प्रोसेसरच्या आज्ञासंचातील गणिती विस्तार : वेगवृद्धी आणि उत्तरांची पुनरुत्पादनीयता

प्रस्तावना

महाविद्यालयीन संशोधनातील संगणकीय आकडेमोड आता केवळ गणित वा पदार्थविज्ञान विभागापुरती उरलेली नाही. अर्थशास्त्राचा अभ्यासक सहसंबंध गुणक काढतो, रसायनशास्त्राचा अभ्यासक रेणूंच्या हालचालींचे अनुकरण करतो, भूगोलाचा अभ्यासक उपग्रहचित्रांचे वर्गीकरण करतो. या सर्वांना कधी ना कधी एक अनुभव येतो. तोच प्रोग्राम, तीच माहिती, परंतु विभागातील जुन्या संगणकावर आलेले उत्तर आणि नव्या संगणकावर आलेले उत्तर शेवटच्या काही अंकांत जुळत नाही. विद्यार्थी विचारतो, 'यांतील बरोबर कोणते?' आणि शिक्षकाला चटकन उत्तर देता येत नाही.

या विसंगतीचे एक मोठे कारण प्रोसेसरच्या आज्ञासंचात गेल्या काही दशकांत झालेल्या विस्तारांत सापडते. हे विस्तार गणिती क्रिया जलद करण्यासाठी आले आणि त्यांनी ते काम उत्तम केले. मात्र वेगासोबत उत्तराच्या स्वरूपातही काही बदल झाला. याकडे संगणकशास्त्राबाहेरील अभ्यासकांचे फारसे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात इंटेल व तत्सम प्रोसेसरांच्या उदाहरणावरून या दोन्ही बाजूंचे विवेचन केले आहे.

एका आज्ञेत अनेक संख्या

प्रोसेसर जी मूलभूत कामे ओळखतो, त्यांची यादी म्हणजे त्याचा आज्ञासंच. 'या दोन संख्यांची बेरीज कर', 'ही संख्या स्मृतीत ठेव' अशा स्वरूपाच्या या आज्ञा असतात. १९७८ साली आलेल्या इंटेल ८०८६ या प्रोसेसरला केवळ पूर्णांकांचे गणित येत होते. दशांश अपूर्णांकांसाठी, म्हणजेच फ्लोटिंग पॉइंट संख्यांसाठी, १९८० साली ८०८७ हा स्वतंत्र साहाय्यक प्रोसेसर आला. तो वेगळा विकत घेऊन संगणकात बसवावा लागे. १९८९ च्या ८०४८६ पासून तो मुख्य प्रोसेसरच्या पोटात गेला. तरीही एका आज्ञेत संख्यांची एकच जोडी, हा नियम कायम होता.

व्यवहारात मात्र आकडे एकेकटे येत नाहीत. चित्रातील लाखो बिंदूंची उजळणी वाढवायची असो किंवा दोन सदिशांचा अदिश गुणाकार करायचा असो, तीच क्रिया शेकडो वेळा करावी लागते. आज्ञा एक आणि माहिती अनेक, या रचनेला मायकेल फ्लिन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणात स्वतंत्र स्थान आहे. १९७६ च्या क्रे-१ या महासंगणकात ६४ संख्या मावतील अशी रजिस्टरे होती. टेबलावरच्या संगणकात ही कल्पना यायला मात्र आणखी वीस वर्षे लागली.

जानेवारी १९९७ मध्ये बाजारात आलेल्या पेंटियम एमएमएक्समध्ये ५७ नव्या आज्ञा होत्या. ६४ बिटांच्या एका रजिस्टरमध्ये ८ बिटांचे आठ किंवा १६ बिटांचे चार पूर्णांक ठेवून त्या सर्वांवर एकदम क्रिया करता येत असे. काटकसरीसाठी इंटेलने नवी रजिस्टरे न देता जुन्या फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरांचाच वापर केला. परिणामी दशांश गणित आणि हे नवे गणित एकमेकांत मिसळता येत नसे. एका बैठकीच्या खोलीत दोन सभा भरवण्यासारखाच हा प्रकार होता. पहिली सभा उठल्याशिवाय दुसरी सुरू होत नसे आणि खोली रिकामी करण्यासाठी खास आज्ञा द्यावी लागे. शिवाय एमएमएक्सला दशांश अपूर्णांक येतच नव्हते. ही उणीव एएमडीने १९९८ मध्ये 'थ्रीडीनाउ'द्वारे आणि इंटेलने १९९९ मध्ये पेंटियम ३ मधील 'एसएसई'द्वारे भरून काढली. एसएसईने १२८ बिटांची आठ स्वतंत्र रजिस्टरे दिली. त्यांत ३२ बिटांच्या चार दशांश संख्या मावत.

शास्त्रीय गणनेच्या दृष्टीने खरा टप्पा म्हणजे २००० सालच्या पेंटियम ४ मधील एसएसई२. येथे प्रथमच ६४ बिटांच्या, म्हणजे सुमारे १५ ते १६ सार्थ अंकांच्या, दोन संख्यांवर एकदम क्रिया करता येऊ लागली. एएमडीने २००३ साली ६४ बिटांची रचना आणताना एसएसई२ हा तिचा अनिवार्य भागच केला. पुढील वाटचाल प्रामुख्याने रुंदीची आहे. २०११ मध्ये एव्हीएक्सची २५६ बिटांची रजिस्टरे आली. २०१३ मध्ये हॅसवेल पिढीत गुणाकार व बेरीज एकत्र करणारी आज्ञा आली. २०१७ मध्ये सर्व्हरसाठीच्या स्कायलेक प्रोसेसरांत ५१२ बिटांची रुंदी आली, म्हणजे ६४ बिटांच्या आठ संख्या एका वेळी. पुण्याच्या सी-डॅकच्या संगणकांतही हे स्थित्यंतर दिसते. १९९१ च्या परम ८००० मध्ये समांतरता होती ती अनेक प्रोसेसर एकत्र जोडून साधलेली. २०१३ च्या परम युवा-२ मध्ये झिऑन आणि झिऑन फाय वापरल्यामुळे प्रत्येक प्रोसेसरच्या आतही रुंद रजिस्टरांची समांतरता आली.

वेग खरोखर किती वाढतो

रजिस्टरात चार संख्या मावतात म्हणून काम चौपट वेगाने होईल, ही अपेक्षा क्वचितच पूर्ण होते. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये दाखवून दिलेली मर्यादा येथेही लागू पडते. प्रोग्रामचा ८० टक्के वेळ घेणारा भाग आठपट जलद झाला, तर उरलेला २० टक्के भाग तसाच राहतो. मूळ वेळ १ धरल्यास नवा वेळ ०.२ अधिक ०.१, म्हणजे ०.३ होतो. एकूण लाभ सव्वातीन पटींहून थोडाच अधिक.

दुसरी मर्यादा स्मृतीची आहे आणि ती अधिक कठोर आहे. एका सदिशाला स्थिरांकाने गुणून दुसऱ्या सदिशात मिळवायचे, अशी साधी क्रिया घेऊ. प्रत्येक पदासाठी एक गुणाकार व एक बेरीज होते. त्यासाठी ८ बाइटांच्या दोन संख्या वाचाव्या लागतात व एक लिहावी लागते, म्हणजे २४ बाइटांची ने-आण. हॅसवेलचा एक गाभा प्रत्येक ठोक्याला ६४ बिटांच्या १६ क्रिया करू शकतो. ३ गिगाहर्ट्झला हे सेकंदाला ४८ अब्ज क्रिया, म्हणजे २४ अब्ज पदे होतात. त्यांसाठी स्मृतीतून सेकंदाला ५७६ अब्ज बाइटांची ने-आण व्हायला हवी. त्या काळातील डीडीआर३-१६०० प्रकारच्या स्मृतीच्या दोन मार्गांची एकत्रित कमाल क्षमता होती २५.६ अब्ज बाइट. मागणी पुरवठ्याच्या बावीस पटींहून अधिक. पिठाची गिरणी कितीही वेगवान असली, तरी धान्य पोत्यातून ओंजळीने येत असेल तर दळण वेगाने व्हायचे नाही. याउलट सारणींच्या गुणाकारात एकदा आणलेली संख्या अनेकदा वापरली जाते. म्हणून तेथे या विस्तारांचा लाभ जवळजवळ पूर्ण मिळतो. याचमुळे संख्यात्मक ग्रंथालयांचे लेखक शक्य तेवढे काम सारणींच्या गुणाकाराच्या रूपात मांडतात.

रुंदीला आणखी एक किंमत आहे. ५१२ बिटांच्या आज्ञा सतत चालू असताना सर्व्हरसाठीचे स्कायलेक प्रोसेसर वीज व उष्णता आवरण्यासाठी आपला ठोका मंद करीत. अधूनमधून अशा आज्ञा वापरणाऱ्या प्रोग्रामचे त्यामुळे कधी नुकसानही होई.

बेरजेचा क्रम बदलतो तेव्हा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शाळेत शिकवल्याप्रमाणे बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी उत्तर तेच येते. वास्तव संख्यांसाठी हे सत्य आहे. संगणकातील फ्लोटिंग पॉइंट संख्यांसाठी ते सत्य नाही, कारण प्रत्येक क्रियेनंतर उत्तर ठरावीक अंकांपर्यंत आसन्न करावे लागते. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाने हे आसन्न करण्याचे नियम निश्चित केले. त्यामागे विल्यम काहान यांचे परिश्रम होते व त्याबद्दल त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. हे मानक प्रत्येक स्वतंत्र क्रियेचे उत्तर ठरवून देते. क्रियांचा क्रम मात्र ते ठरवत नाही.

उदाहरणासाठी केवळ तीन सार्थ अंक ठेवणारा संगणक कल्पू. त्याला आठ संख्यांची बेरीज करायची आहे. पहिली १०० आणि पुढील सात प्रत्येकी ०.४. क्रमाने बेरीज केल्यास १०० अधिक ०.४ म्हणजे १००.४. तीन अंकांपर्यंत आसन्न केल्यावर पुन्हा १००. पुढील प्रत्येक ०.४ चे हेच होते. अंतिम उत्तर १००.

हीच बेरीज चार मार्गिकांच्या रजिस्टरात केली, तर प्रथम चार संख्या एकदम भरल्या जातात आणि पुढील चार त्यांत एकदम मिळवल्या जातात. पहिल्या मार्गिकेत १०० अधिक ०.४, म्हणजे आसन्न करून १००. उरलेल्या तिन्ही मार्गिकांत ०.८. शेवटी मार्गिकांची आपसांत बेरीज होते. पहिल्या दोन मिळून १००.८, म्हणजे १०१. पुढील दोन मिळून १.६. दोन्ही मिळून १०२.६, म्हणजे १०३. खरे उत्तर १०२.८ आहे. म्हणजे येथे जलद पद्धतीचे उत्तर अधिक अचूक आहे. असे नेहमीच होईल असे नाही, परंतु 'वेग वाढला म्हणजे अचूकता घटली' हा सर्वसाधारण समज किती उथळ आहे, हे यावरून लक्षात येते. मार्गिका आठ असत्या तर बेरजेची जुळणी वेगळी झाली असती. प्रत्यक्षात १५-१६ अंकांमुळे हा फरक शेवटच्या एक-दोन अंकांत लपतो, पण तो असतोच.

या कारणास्तव जीसीसीसारखे कंपायलर नेहमीच्या स्थितीत दशांश संख्यांच्या बेरजेचा क्रम आपणहून बदलत नाहीत. 'फास्ट-मॅथ' हा पर्याय निवडल्यावर तशी मुभा मिळते. या पर्यायाचे नाव फसवे आहे. त्यात वेगाचा उल्लेख आहे, परंतु कोणत्या हमीवर पाणी सोडले त्याचा नाही. तयार संख्यात्मक ग्रंथालयांत तर ही निवड वापरकर्त्याला दिसतही नाही. ग्रंथालय सुरू होताच प्रोसेसरला त्याच्या क्षमता विचारते आणि त्यानुसार १२८, २५६ किंवा ५१२ बिटांचा मार्ग घेते. प्रोग्रामची एकही ओळ न बदलता दोन संगणकांवर दोन उत्तरे येतात ती बहुधा अशी.

गुणाकार आणि बेरीज एकाच घासात

क्रमाच्या प्रश्नाहून सूक्ष्म प्रश्न निर्माण केला तो गुणाकार व बेरीज एकत्र करणाऱ्या आज्ञेने. आयबीएमने १९९० च्या आरएस/६००० मध्ये ती आणली आणि २००८ च्या सुधारित मानकात तिला अधिकृत स्थान मिळाले. या आज्ञेत गुणाकाराचे उत्तर आसन्न न करता पूर्ण ठेवले जाते, त्यात तिसरी संख्या मिळवली जाते आणि शेवटी एकदाच आसन्न केले जाते. दोनऐवजी एकच आज्ञा आणि दोनऐवजी एकच आसन्नता. यात तोटा तो कोणता, असे कोणालाही वाटेल.

पुन्हा तीन अंकांचा संगणक घेऊ. १.२४ क्ष² + २.४८ क्ष + १.२४ = ० या वर्गसमीकरणाची दोन्ही मुळे −१ आहेत. सोडवताना मधल्या सहगुणकाच्या निम्म्याचा वर्ग वजा उरलेल्या दोन सहगुणकांचा गुणाकार, म्हणजे १.२४ × १.२४ वजा १.२४ × १.२४, काढावा लागतो. जुन्या पद्धतीत दोन्ही गुणाकार १.५३७६ येतात, दोन्ही १.५४ असे आसन्न होतात आणि वजाबाकी शून्य येते. नव्या आज्ञेने मात्र दोनांपैकी एकच गुणाकार पूर्ण राहतो. दुसरा आधीच आसन्न झालेला असतो. पहिला पूर्ण ठेवला तर १.५३७६ वजा १.५४, म्हणजे −०.००२४. दुसरा पूर्ण ठेवला तर १.५४ वजा १.५३७६, म्हणजे +०.००२४. पहिल्या स्थितीत ऋण संख्येचे वर्गमूळ मागितले जाते आणि संगणक 'ही संख्या नव्हे' असे उत्तर देतो. दुसऱ्या स्थितीत −०.९६० व −१.०४ अशी दोन भिन्न मुळे मिळतात. कोणता गुणाकार पूर्ण ठेवायचा हे कंपायलर ठरवतो. समीकरण लिहिणाऱ्याला त्याची वार्ताही नसते.

वास्तविक ही आज्ञा अचूकतेची शत्रू नाही. गुणाकारातून त्याचेच आसन्न उत्तर वजा करण्यासाठी ती वापरली, तर आसन्न करताना किती चूक झाली ते तंतोतंत कळते. या युक्तीवर अधिक अंकांचे गणित उभारता येते. २००१ साली आलेल्या इटॅनियम प्रोसेसरमध्ये दशांश भागाकाराचे वेगळे यंत्रच नव्हते. एक ढोबळ अंदाज घेऊन याच आज्ञेने तो सुधारत नेला जाई. दोष आज्ञेचा नाही. सममित दिसणाऱ्या राशीला कंपायलर नकळत असममित करून टाकतो, ही खरी अडचण आहे.

हेतुपुरस्सर ढोबळ

काही आज्ञा तर जाणूनबुजून ढोबळ उत्तर देतात. एसएसईमध्ये व्यस्त संख्या आणि वर्गमुळाची व्यस्त संख्या काढणाऱ्या दोन आज्ञा आहेत. त्यांच्या सापेक्ष चुकीची कमाल मर्यादा १.५ भागिले ४०९६, म्हणजे सुमारे ०.०००३७ इतकी सांगितलेली आहे. एवढ्यावर काम भागत नसेल, तर न्यूटनच्या पद्धतीची एक पायरी चढायची. ७ च्या व्यस्ताचा अंदाज ०.१४३ असेल, तर ७ × ०.१४३ = १.००१. हे २ मधून वजा केल्यास ०.९९९ आणि त्याला ०.१४३ ने गुणल्यास ०.१४२८५७. एका पायरीत तीनाचे सहा अंक झाले. रेणूंमधील अंतरांसाठी वर्गमुळाचे व्यस्त अब्जावधी वेळा काढावे लागते. ग्रोमॅक्ससारख्या रेणूगतिकी प्रणालींनी ही युक्ती मुक्तपणे वापरली, कारण भागाकार व वर्गमूळ या प्रोसेसरच्या सर्वांत मंद क्रियांपैकी आहेत.

येथे मानक केवळ मर्यादा सांगते, उत्तर नव्हे. म्हणून इंटेल आणि एएमडी यांच्या प्रोसेसरांत या आज्ञांची उत्तरे नेमकी सारखी येत नाहीत आणि दोघेही आपापल्या परीने नियमात असतात.

जुन्याचे गुण आणि दोष

हे वाचून जुने ८०८७ चे गणितच बरे होते असे वाटू शकेल. तसे नाही. त्याची रजिस्टरे ८० बिटांची, म्हणजे सुमारे १९ अंकांची होती. मधली आकडेमोड जादा अंकांत करावी आणि शेवटी ६४ बिटांत उत्तर द्यावे, हा त्यामागील सुज्ञ विचार होता. परंतु रजिस्टरे केवळ आठ. ती अपुरी पडली की कंपायलर मधले उत्तर स्मृतीत ठेवी आणि तेथे जादा अंक गळून पडत. कोणते उत्तर १९ अंकांचे राहील आणि कोणते १६ चे, हे पुन्हा कंपायलरच्या मर्जीवर. छपाईची एक ओळ घातली की उत्तर बदलते, असा विलक्षण अनुभव त्या काळच्या प्रोग्रामकारांना येत असे. जावा भाषेने सर्वत्र एकच उत्तर देण्याचे वचन दिले होते. या रजिस्टरांपायी १९९८ मध्ये तिला ते सैल करावे लागले. एसएसई२ सर्वत्र रुळल्यावर अडचणच उरली नाही आणि २०२१ च्या जावा १७ मध्ये मूळ कडक नियम पुन्हा लागू झाला. म्हणजे ज्या विस्ताराकडे वेगाचे साधन म्हणून पाहिले जाते, त्यानेच पुनरुत्पादनीयतेचा एक जुना प्रश्नही सोडवला.

फरक कोणता आणि चूक कोणती

उत्तरांतील सर्वच फरक निरुपद्रवी समजणे धोक्याचे आहे, हे १९९४ च्या घटनेने दाखवून दिले. व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली हे जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज अनेक संगणकांवर करीत होते. नव्या पेंटियमचे उत्तर इतरांशी जुळेना. त्यांनी आपला प्रोग्राम, कंपायलर व संगणकाचे इतर भाग एकेक करून तपासले आणि शेवटी दोष खुद्द प्रोसेसरच्या भागाकारात असल्याचे ऑक्टोबर १९९४ मध्ये कळवले. भागाकारासाठी प्रोसेसरमध्ये कोरलेल्या कोष्टकातील काही नोंदी राहून गेल्या होत्या. ४१९५८३५ भागिले ३१४५७२७ याचे उत्तर १.३३३८२०… येण्याऐवजी १.३३३७३९… येत होते. इंटेलला प्रोसेसर बदलून द्यावे लागले व त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला. एका महाविद्यालयीन शिक्षकाने न जुळणाऱ्या अंकांकडे दुर्लक्ष केले नाही, म्हणून हा दोष लवकर उघड झाला.

नाइसलींपुढचा फरक चौथ्या-पाचव्या अंकात दिसू शकणारा होता. बेरजेचा क्रम बदलल्याने येणारा फरक सामान्यतः पंधराव्या-सोळाव्या अंकात असतो. मात्र हा निकष सर्वत्र चालत नाही. एडवर्ड लोरेंझ यांनी १९६१ मध्ये हवामानाच्या प्रतिमानात ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ भरले आणि काही काळानंतर सर्वस्वी वेगळे हवामान मिळवले. अशा अस्थिर प्रणालींत सोळाव्या अंकातील फरकही वाढत वाढत पहिल्या अंकापर्यंत येतो. तेथे एकेका आकड्याची तुलना व्यर्थ ठरते. अनेक वेळा प्रतिमान चालवून त्यांच्या सरासरींची व विखुरणीची तुलना करावी लागते. वरील वर्गसमीकरणासारख्या, जवळजवळ समान राशींची वजाबाकी असलेल्या गणितांत तर फरक एका पायरीतच उघडा पडतो. तेथे सूत्राची मांडणीच बदलणे श्रेयस्कर असते. विचरण काढताना वर्गांच्या सरासरीतून सरासरीचा वर्ग वजा न करता, प्रत्येक निरीक्षणातून आधी सरासरी वजा करण्याची जुनी शिफारस याच कारणाने आजही योग्य ठरते.

शोधनिबंधात केवळ प्रणालीचे नाव देण्याची प्रथा यासाठी अपुरी आहे. प्रोसेसर, कंपायलर व त्याचे पर्याय, ग्रंथालयाची आवृत्ती यांच्या उल्लेखाशिवाय दुसऱ्या अभ्यासकाला फरकाचे मूळ शोधता येत नाही. काही ग्रंथालयांत रजिस्टरांची रुंदी मुद्दाम एका ठिकाणी बांधून ठेवण्याची सोय असते. वेग घटतो, परंतु भिन्न संगणकांवर तेच अंक मिळण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

रजिस्टराची रुंदीच अनिश्चित

अलीकडच्या आज्ञासंचांनी या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. आर्मने २०१६ मध्ये जाहीर केलेल्या एसव्हीई विस्तारात रजिस्टराची रुंदी १२८ ते २०४८ बिटांपैकी कितीही असू शकते. जपानच्या फुगाकू महासंगणकात ती ५१२ आहे. भारतात आयआयटी मद्रासने शक्ती व सी-डॅकने वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्ह या खुल्या आज्ञासंचावर उभारले. त्या आज्ञासंचाच्या २०२१ मध्ये मान्य झालेल्या सदिश विस्तारातही रुंदी यंत्रावर सोपवलेली आहे. एकदा तयार केलेला प्रोग्राम अरुंद व रुंद दोन्ही प्रोसेसरांवर तसाच चालतो. साहजिकच मार्गिकांची संख्या, आणि तिच्याबरोबर बेरजेचा क्रम, प्रोग्राम लिहिताना कोणालाच ठाऊक नसतो. म्हणून या दोन्ही आज्ञासंचांत रजिस्टरातील दशांश संख्यांच्या बेरजेसाठी दोन स्वतंत्र प्रकारच्या आज्ञा दिलेल्या आहेत. एक सोयीच्या क्रमाने जलद बेरीज करते. दुसरी पहिल्या संख्येपासून शेवटच्या संख्येपर्यंत काटेकोर क्रमाने, एकेक करून आणि त्यामुळे सावकाश.